शतावरीच्या वाफ्यावर हळदीचं पाणी

भिकाबाईला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, असं कुणी म्हणत असेल तर तो साफ खोटं बोलतो. परक्याचं चांगलं झालं तर ती स्वतः गूळ वाटत फिरेल. तिच्या डोळ्यात खुपत होती ती एकच बाई, आणि ती नेमकी तिच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. तिची धाकटी जाऊ, शिला.

पुसेगावच्या वरच्या अंगाला त्यांचा तांडा. तिथं कुणाची लेक बाळंतपणाला आली की पहिली हाक भिकाबाईला जायची. बाळंतिणीला दूध कमी पडलं तर शतावरीची मुळी दुधात उकळून द्यायची, आणि ती मुळी डोंगरात कुठल्या जाळीत सापडते हे एकट्या भिकाबाईला ठाऊक. मुळीबद्दल कुणाकडून काही घ्यायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. मान घ्यायला मात्र सासूची ना नव्हती. बारशाला भिकाबाई आल्याशिवाय पाळण्याची दोरी कुणी हातात धरत नसे.

मग मध्यंतरी बाहेरची माणसं जीप घेऊन आली आणि मुळ्यांसाठी सगळा डोंगर उकरून गेली. उरला एक वेल, तोही कड्याच्या कपारीत. भिकाबाईचे गुडघे धरलेले, म्हणून शिला वर चढली आणि पदरभर लाल फळं घेऊन उतरली. दोघींनी ती चोळून धुतली, आतलं काळं टणक बी काढलं आणि अर्धं अर्धं वाटून घेतलं. वाटून घेऊ, हे शिलाच बोलली. चढली ती, तेव्हा नाही म्हणायला भिकाबाईला तोंडच उरलं नाही.

भिकाबाईनं बी पेरलं ते लेकराला पाळण्यात निजवावं तसं. चाळलेलं शेणखत, लिंबाची सावली, वर गवत, आणि पाणी घालायचं तेही ओंजळीनं. शिलानं न्हाणीमागं चार बोटं माती उकरली, बी टाकलं आणि कामाला निघून गेली.

"हिच्या हातून मेथी उगवली तरी लई झालं," भिकाबाई नवऱ्याला म्हणाली. गुलाबसिंग विडी ओढत राहिला. बायकांच्या भांडणात पडायचं नाही, एवढी अक्कल त्याला लग्नानंतर लगेच आली होती.

पण बी काही उगवेना, ना हिचं ना तिचं. अशात एके दिवशी अनुसयाबाई काठी टेकत आली. तांड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई. तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तिनं दोन्ही वाफे पाहिले आणि दोघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "डोंगरात आता काई न्हाई. जिच्या दारात ही उगवंल, तिच्याच दारात इथून पुढं तांडा यील. मी बी माझ्या नातीसाठी तिथंच यीन."

भिकाबाई त्या दिवशी चार वेळा वाफ्याशी जाऊन आली. सासूनं तिच्या हातात दिलेला मान, आणि त्याचा फैसला आता चार बोटं माती करणार!

फाल्गुनात हळद निघाली. अंगणात मोठ्या कढईत हळद शिजत होती, पिवळं पाणी रटरटत होतं. भिंतीवरून भिकाबाईनं पाहिलं तर शिला वाफ्याशी उकिडवी बसलेली, आणि चक्क हसत होती. भिकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उगवलं! सटवीचं उगवलं!

शिला शेतात जाताच भिकाबाईनं कढईतलं पाणी बादलीत घेतलं, लंगडत न्हाणीमागं गेली आणि सगळी बादली वाफ्यावर ओतली. वाफ उठली, माती पिवळीधमक झाली. वाकून पाहिलं, तर मातीत एकही कोंब नव्हता. शिला कशाला हसत होती कोण जाणे. पण आता बी शिजलं ते शिजलंच. भिकाबाईला आधी गार गार वाटलं, मग जरा भीती वाटली, आणि मग तिनं पिवळ्या मातीवर कोरडी माती पसरून दिली.

चैत्र सरता सरता न्हाणीमागं सुईसारखे हिरवे कोंब वर आले. एक नाही, दोन नाही, वाफाभर. भिकाबाईच्या लिंबाखाली नुसतं शेणखत.

बातमी तांडाभर झाली. बाया जमल्या, अनुसयाबाई आली. वाकून तिनं एक कोंब बोटानं हलवला आणि शिलाच्या पाठीवरून हात फिरवला. "काय हात हाय गं पोरी तुझा! काय केलंस?"

"म्या काई न्हाई केलं," शिला लाजून म्हणाली. "देवानंच केलं."

"देव बी हात बघूनच देतो," दुसरी एक बाई म्हणाली.

भिकाबाई मागं उभी होती. सकाळपासून तिनं सगळं गिळलं होतं, पण हा हात तिच्याच्यानं गिळवेना. हात! पाठीवर थाप कुणाच्या आणि केलं कुणी! आपण काय बोलून राहिलो हे कळायच्या आत ती पुढं झाली.

"देवानं न्हाई केलं! म्या केलं! हळदीचं कढत पाणी म्या वतलं, म्हणून उगवलं!"

सगळ्या तिच्याकडं वळल्या. अनुसयाबाईनं मान हलवली. "बराबर हाय. बाभळीच्या बियावर बी कढत पाणी टाकत्यात. टणक साल, ऊन पाण्यानं नरमते." मग ती थांबली. "पण भिके, तुझ्या वाफ्यावर काहून न्हाई वतलंस? हिच्याच बियावर काहून?"

भिकाबाई दोन पावलं मागं सरली. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. कळायला कुणालाच फार वेळ लागणार नव्हता.

"म्याच सांगितलं व्हतं जाऊबाईला," शिला म्हणाली. तिनं भिकाबाईकडं पाहिलं, अगदी सरळ. वरची माती बाजूला केल्यावर खाली पिवळी लागली, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. "म्या म्हणलं, माझ्या बियावर आधी वतून बघा. जळलं तर माझं जळंल, तुमचं तरी राहील. व्हय ना, बाई?"

सुटकेचा श्वास साऱ्या बायांनी एकदम सोडला. "केवढं डोकं पोरीचं!" अनुसयाबाई म्हणाली. "आन् मन बी केवढं!"

आता सगळ्या भिकाबाईच्या तोंडाकडं बघत होत्या. नाही म्हणावं तर तांड्यात तोंड दाखवायची सोय नाही. हो म्हणावं तर हात गेला, डोकं गेलं, आता मनही तिचंच. शिला तिच्या उत्तराची वाट बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडत नव्हता. भिकाबाईला सगळ्यात जास्त तेच झोंबलं.

"व्हय," ती म्हणाली. "हिनंच सांगितलं."