झिजलेल्या खाचा

आमच्या रेकॉर्ड कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्या बाईंनी मला सरळच विचारलं, "हॉटेलवाल्यांना दम देऊन तुमच्या ताईंची तबकडी वाजवून घ्यायचे, हे खरं का?" कुणीतरी तुम्हाला शेंडी लावलीय, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी सात हॉटेलवाल्यांच्या आणि दोन न्हाव्यांच्या सहीचे कागद टेबलावर ठेवले. माझा चहा तसाच राहिला.

कंपनी भावोजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. भांडवल मामाचं. हा मामा सख्खा कुणाचाच नव्हता. अर्धं शहर त्याला वचकून होतं आणि त्याला मामा म्हणायचं. मामा बनायचो मात्र आम्हीच. तो गुंड आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याची गुंडगिरी ताईच्या गाण्यापर्यंत पोचली असेल हे डोक्यातही आलं नाही. भावोजींनी मरेपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

मी तबकडी कापणारा. मूळ तबकडीवर आवाजाच्या खाचा मी कोरायचो. आमची एक रीत होती: हॉटेलांना तबकडी वाजवायला द्यायची, सहा महिन्यांनी जुनी परत घेऊन नवी द्यायची. जुनी मी दिव्याखाली तिरकी धरायचो. सुई फार फिरली की काळी खाच राखाडी पडते. जितकी राखाडी, तितकी लोकांची आवड, असं माझं शास्त्र. ताईची पहिली तबकडी परत आली ती पार राख होऊन. मी उंटावरचा शहाणा, तिला म्हणालो, "शाळेतली नोकरी सोड. लोक तुझ्यावर जीव टाकतायत." तिनं सोडली. पुढच्या एकाही तबकडीला कुत्रं विचारेना, तरी ती अठ्ठावीस वर्षं गात राहिली. एकदा का होईना, लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलं होतं, एवढ्याच आधारावर.

पुस्तक महिन्याभरात येणार होतं. त्याआधी तिला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. मी सांगितलं. ती चष्मा पुसत होती, पुसतच राहिली.

"एकालाही आवडलं नव्हतं?" तिनं विचारलं.

उत्तर असलंच तर खाचांत असणार होतं. मग आम्ही दोघं गोदामात गेलो. त्या पहिल्या तबकडीच्या परत आलेल्या साठेक प्रती अजून तिथं होत्या. पहिल्या पाच-सहा पाहिल्या आणि मला माझीच लाज वाटली. सगळ्या पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत सारख्या झिजलेल्या. आवडीनं ऐकणारा माणूस असा ऐकत नाही. तो सुई उचलतो, आपल्या गाण्यावर पुन्हा ठेवतो. ही झीज हुकुमाची होती. जन्मभर खाचा कोरून मला एवढं दिसलं नव्हतं.

ताईनं उरलेला गठ्ठा पुढ्यात ओढला. एकेक प्रत दिव्याखाली धरत गेली. दुपार उलटली. मी दोनदा म्हणालो, "ताई, पुरे आता." तिनं लक्ष दिलं नाही.

चाळिसाव्या की पंचेचाळिसाव्या प्रतीला तिचा हात थांबला. ही वेगळी होती. सगळी काळी कुळकुळीत, फक्त तिसरं गाणं राखाडी. तेच ते संथ गाणं, जे भावोजींना नको होतं आणि ताईनं हट्टानं घेतलं होतं.

प्रत कुठून आली याची चिठ्ठी वेष्टनावर असायची. ताईनं ती उजेडात धरली. 'मामा, घरी.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सापडून सापडला तो हा एक माणूस. मी चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला, तिनं दिली नाही.

"त्याला खरंच आवडलं होतं रे," ती हळूच म्हणाली. "म्हणून त्यानं मला सगळ्या गावाच्या मानगुटीवर बसवलं. आवडलेली गोष्ट दुसऱ्याला ऐकवायची दुसरी रीत त्या मेल्याला माहीतच नव्हती."

मग ती रडली. मी तिच्याजवळ खोक्यावर बसून राहिलो. माझ्या एका शब्दावर तिनं नोकरी सोडली होती, आणि आता धीराचा एक शब्द मला सुचत नव्हता.

डोळे पुसून तिनं मला बाईंना फोन लावायला सांगितला. धमक्यांचं सगळं छापा म्हणाली, काही गाळू नका. "आणि त्याखाली लिहा, गायिकेला एक श्रोता होता."

पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं.

"हो," ताई म्हणाली, "नाव घालाच त्याचं."