डावीकडची खुर्ची

"सून गुणी आहे गं, पण तिला दोन-दोन विषय हवेत कशाला? एक मनाचा, एक मेंदूचा! इथं माझा नवरा माझ्याशी बोलेनासा झालाय आणि ही आत प्लास्टिकचा मेंदू पुसत बसलीय. आता सांगणारच आहे मी, पुढच्या सहामाहीपासून एक सोड म्हणून. मनाचंच ठेव. ते घरी बसूनही वाचता येतं."

सासूबाई स्वयंपाकघरातून फोनवर लेकीशी बोलत होत्या. वाक्य आमच्या खोलीपर्यंत यायचं नव्हतं, पण आलं. सुनेच्या हातातलं फडकं माझ्यावर थबकलं. तो प्लास्टिकचा मेंदू म्हणजे मीच. बोलायला तोंड दिलेलं नाही, तरी आज बोलतोय.

माझा जन्म साच्यातला. आठ तुकडे निघाले आणि एका बाईंनी ब्रशने माझ्यावर लाल-निळ्या शिरा रंगवल्या. रंगवताना त्या शेजारणीशी गप्पा मारत होत्या, त्यामुळे एक शीर जरा भरकटली आहे. माझ्यात विचार नाहीत, लोहचुंबक आहेत. त्यांच्या जोरावर माझे तुकडे एकमेकांना धरून असतात.

पुढे मी विद्यापीठात आलो. तिथे एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर मन शिकवत, खालच्या मजल्यावर मेंदू. वरचे म्हणायचे, खालच्यांना माणूस दिसत नाही. खालचे म्हणायचे, वरच्यांना पुरावा लागत नाही. चहा मात्र दोघेही एकाच यंत्रातला प्यायचे आणि दोघेही त्याला नावं ठेवायचे. काही मुलं दोन्ही विषय एकत्र शिकायची, दिवसभर जिना चढायची-उतरायची. त्यांतली एक ही. वर्गात सहसा तोंड न उघडणारी. नवी मॉडेलं आली आणि मला अडगळीच्या खोक्यात टाकलं, तेव्हा मात्र तिने विचारलं, "सर, हा मी नेऊ?"

लग्नानंतर तिच्या बॅगेतून मी सासरी आलो. बॅग उघडताना नणंद ओरडली, "आई, बघ गं, वहिनी जास्तीचं डोकं घेऊन आलीय!" सगळे हसले. तीही हसली, पण मला हळूच कपाटावर ठेवलं.

लग्नाचे फोटोही अजून यायचे होते, तेवढ्यात सासऱ्यांना मेंदूचा झटका आला. बाबा घरी परतले ते चालत, बोलत. थोडक्यात निभावलं, म्हणाले सगळे. पण परतल्यापासून ते सासूबाईंकडे बघेनात. जेवायच्या टेबलावर त्यांच्या डावीकडची खुर्ची सासूबाईंची, वर्षानुवर्षांची. तिथून त्या काही विचारत आणि बाबा उजवीकडच्या भिंतीला उत्तर देत. ताटातलं अर्धं तसंच राही.

सासूबाई आतल्या आत झुरत होत्या. झटक्याच्या आदल्याच दिवशी कुंड्यांना जास्त पाणी घातलं म्हणून त्या नवऱ्यावर कडाडल्या होत्या, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

सुनेला मात्र वेगळंच दिसत होतं. बाबांची दाढी फक्त उजव्या गालावर होत होती. चपलेत उजवा पाय जाई, डावा अनवाणी राही. तिने खालच्या मजल्यावरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूकडे लक्षच जात नसणार. डॉक्टरांना पुन्हा दाखवा." पण नव्या सुनेने हे घरात सांगायचं कसं, ते कुठल्याच मजल्यावर शिकवलं नव्हतं.

एका दुपारी सासूबाई एकट्याच खोलीत आल्या. मला खाली घेतलं, एकेक तुकडा उघडला आणि आत डोकावून कुजबुजल्या, "राग कुठे ठेवतात रे यात?" तेवढ्यात दार वाजलं. घाईघाईत त्यांनी मला बंद केलं. उजवीकडचा तुकडा डावीकडे दडपून बसवला आणि गेल्या.

सून आली. माझं वाकडं रूप बघून हसली नाही. मला कुणी उघडलं असेल ते तिने ओळखलं आणि मांडीवर घेऊन तुकडा जागेवर बसवला.

संध्याकाळी तिने मला थेट जेवायच्या टेबलावर ठेवलं. "अगं, जेवताना मेंदू?" नवरा दचकला.

बाबांनी अर्धं ताट संपवलं आणि विचारलं, "आज भाजी नाही केली?"

सासूबाईंचे डोळे भरले. "बघा! समोर वाढलेलीसुद्धा दिसत नाही यांना. मुद्दाम करतात."

सून उठली आणि बाबांचं ताट फिरवलं. फक्त फिरवलं.

"अरे, आहे की!" म्हणत बाबा जेवू लागले.

मग तिने सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि उजवीकडच्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"अगं, होतीस कुठे इतके दिवस? माझ्याबरोबर जेवायलाही बसत नाहीस."

"अहो, इथेच तर होते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू की रडू तेच कळेना.

डॉक्टरांनी बाबांना डावीकडे बघायचा सराव सांगितलाय, त्यासाठी आता माझी नेमणूक टेबलाच्या डाव्या टोकाला झाली आहे. सासूबाई मला तिथे ठेवून बाबांना म्हणतात, "शोधा बघू मेंदू." कधी सापडतो, कधी नाही. मग त्याच हळूच त्यांची मान वळवतात. माझं एवढंच मागणं आहे, मला खुशाल उघडा, पण घाईने बंद करू नका.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. डोळे पुसत सासूबाईंनी सुनेला विचारलं, "म्हणजे, आदल्या दिवशी मी त्यांना तसं बोलले, म्हणून नाही ना गं हे?"

आजवर त्या घरात जिचा आवाज दारापलीकडे गेला नव्हता, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"नाही आई. बाबांना डावी बाजू जाणवतच नाहीये, हे मला खालच्या मजल्यावर कळलं. तुम्ही ते मनाला लावून घेतलंय, हे वरच्या. मी दोन्ही शिकणार आहे."