पुडीतली लाल माती

वनस्पती संग्रहालयात तिला सगळे डिंकमावशी म्हणत. वाळवून आणलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची आणि खाली माहितीची चिठ्ठी लावायची, हेच एकतीस वर्षं. निवृत्तीला आठ दिवस उरले होते, आणि तेवढ्यात ही भानगड उपटली.

पूर्वेच्या टेकडीवर खाण येणार होती. त्या एवढ्याशा टेकडीवर पाचशेवर जातींची झाडं, शिवाय बेडूक, सरडे, पाखरं. आणि बोटभर उंचीचा एक जांभळा तेरडा, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. त्याच्या जोरावर खाण अडणार होती. पण संचालकांनी कपाटातून तोच तेरडा चिकटवलेला एक जुना कागद काढला.

"पश्चिमेच्या टेकडीवरही सापडलाय की. चिठ्ठीच सांगते. मग अडवायचं कसं?"

"सर, मी चार वर्षं ती टेकडी पालथी घातलीय. नाही तिथे तो!" संशोधक पोरगी रडकुंडीला आली.

मावशीने कागद पाहिला आणि तिला एकतीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. नोकरीचा पहिलाच महिना होता. टेबलावर दोन्ही टेकड्यांची झाडं, खिडकी उघडी, वारा सुटला आणि चिठ्ठ्या उडाल्या. विचारायला गेलं तर बोलणी बसतील, म्हणून तिने अंदाजाने लावून टाकल्या. तेव्हापासून त्या खोलीची खिडकी तिने कधी उघडली नाही, उकाड्याने जीव गेला तरी.

आता बोललं तर एकतीस वर्षांच्या कामाला बट्टा. गप्प बसलं तर टेकडीची खडी. मरू दे ती अब्रू, तिला वाटलं, अब्रूला काय पालवी फुटते?

"साहेब, ती चिठ्ठी चुकीची आहे. मीच लावलीय."

"पुरावा काय, मावशी? नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल?"

मावशीला एक खोड होती. झाडाची गळलेली पाकळी, बी, मुळाची माती, काही म्हणून टाकायची नाही. पुडी बांधून कागदाच्या कोपऱ्यात लावायची. 'मावशी कचराही जपते' म्हणून सगळे हसायचे. तिने त्या कागदावरची पुडी सोडली. तळहातावर लाल माती पडली. पूर्वेची टेकडी लाल मातीची, पश्चिमेची काळ्या, हे शेंबडं पोरही सांगेल. मग चिठ्ठी अदलाबदल झालेला जोडीचा दुसरा कागद तिने स्वतःच शोधून आणला. त्यावर पूर्वेची चिठ्ठी होती आणि पुडीत काळी माती.

संचालकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "मग तुमचे बाकीचे अठरा हजार कागदही तपासावे लागतील."

"तपासा की! मी येते रोज, निवृत्तीनंतरसुद्धा. चहा तेवढा पाजा."

दुरुस्तीची चिठ्ठी पोरगीच लिहायला बसली. "नुसतं 'नजरचुकीने' लिहिते, मावशी. नाव नको."

"नजरचूक कसली? भित्री होते मी. नाव घाल, आडनावासकट."

कागदावर झाड शोधणाऱ्याचं नाव असतं, ओळखणाऱ्याचं असतं, चिकटवणारीचं कधीच नसतं. तिचं पहिल्यांदा आलं, ते चुकीखाली. वाईट वाटलं तिला, खूप वाटलं. तरी डिंक लावून तिने ती चिठ्ठी स्वतः चिकटवली आणि सुकेपर्यंत अंगठा दाबून धरला. पोरगी दोन्ही कागद घेऊन खाणीच्या सुनावणीला पळाली. मावशी उठली आणि तिने खिडकी उघडली.