अकरा दिवसांची ओळ

गालावरचा साबण पुसून तिने आजोबांची हनुवटी बोटाने वर उचलली आणि गळ्याजवळचे चुकार केस रेझरने हलकेच काढले.

"हलू नका."

"सरकारचा हुकूम," ओठ न हलवता आजोबा पुटपुटले.

ते तिला सरकार म्हणत. तीन वर्षांपूर्वी ती या परक्या देशात त्यांना सांभाळायला आली, तेव्हा तिला त्यांच्या भाषेतले 'उठा', 'बसा' आणि 'नको' एवढेच शब्द येत होते. आजोबांच्या मते राज्य चालवायला तेवढे पुरतात. आता ती त्या भाषेत त्यांच्याशी भांडूही शकत होती.

आज त्यांची मुलाखत होती. परदेशी राबायला जाणाऱ्या माणसांच्या हक्कांसाठी पुष्कळ देशांनी मिळून एक करार केला होता, आणि त्याचा मसुदा लिहिणाऱ्यांपैकी आता आजोबाच तेवढे उरले होते. दहा वाजता दोघीजणी कॅमेरा घेऊन आल्या. सूनबाईंनी बाहेरच्या खोलीतले पडदे मुद्दाम धुऊन लावले होते. आजोबांचा मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असे. घराचा सगळा गाडा सूनबाईंच्याच अंगावर होता.

सकाळी काय खाल्लं ते आजोबांना आठवत नसे, पण चाळीस वर्षांपूर्वी कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं ते लख्ख आठवत होतं.

"मसुद्यातली तुमची सगळ्यात आवडती ओळ कुठली?" मुलाखत घेणारीने विचारलं.

"कामगाराचे कागद कामगाराकडेच राहतील. मालकाने ते काढून घ्यायचे नाहीत." आजोबा ताठ बसले. "एवढ्या एका ओळीसाठी अकरा दिवस घसा कोरडा केला आम्ही."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. ती पाणी घेऊन पुढे झाली. दोन घोट घेऊन त्यांनी पेला परत दिला, पण तिचं मनगट सोडलं नाही.

"तुझा पासपोर्ट कुठे असतो गं?"

कॅमेरा चालू होता. दाराशी सूनबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. ट्रेमधले कप किणकिणले.

"आहे ना. नीट ठेवलाय," ती म्हणाली आणि पेला विसळायला आत गेली.

पाहुण्या गेल्या. जेवणं झाली. दुपारी तिने आजोबांना पलंगावर बसवलं आणि त्यांचे पाय वर घ्यायला वाकली.

"कॅमेरा गेला. आता सांग."

ती त्यांच्या सपाता जुळवत राहिली.

"ताईंच्या कपाटात. मी आले त्या दिवसापासून." सूनबाईंना ती ताई म्हणत असे.

"मागितला नाहीस?"

"मागितला होता. आई गेली तेव्हा."

बदलीचं माणूस मिळेपर्यंत थांब, असं तेव्हा सूनबाई म्हणाल्या होत्या. माणूस काही मिळालं नाही. आईला तिने शेवटचं पाहिलं ते फोनवर, न्हाणीघरात नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्या दिवशी सूनबाईंनी तिला जवळ घेतलं होतं आणि त्याही खरोखर रडल्या होत्या. त्यामुळे तिला त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

आजोबांनी वॉकर मागितला. ही झोपायची वेळ आहे, असं ती आज म्हणाली नाही. सूनबाईंच्या खोलीपर्यंत जाताना ते दोनदा थांबले.

"हिचा पासपोर्ट दे."

"बाबा, हरवेल म्हणून ठेवलाय. मी काय तो विकून खाणार आहे? तिच्या भल्यासाठीच ना?"

"अकरा दिवस समोरची माणसं हेच सांगत होती," आजोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, ती माणसं कुठेतरी लांब राहतात. आणि मी तीन वर्षं हिच्या हातचा घास खातोय, एकदा विचारलं नाही."

सूनबाईंनी कपाट उघडलं, साड्यांखालचं पाकीट काढलं आणि त्यातला पासपोर्ट तिच्या हातात दिला. मग रिकामं पाकीट मांडीवर ठेवून त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"जाणार का गं तू?"

ती फोटो बघत होती. फोटोतल्या बाईचे गाल भरलेले होते.

"रविवारी."

"या रविवारी?"

"बाहेर जाऊन येईन. संध्याकाळपर्यंत." तिने पासपोर्ट मिटला. "घरी कधी जायचं, ते ठरवून सांगते."

"मग रविवारी बाबांच्या गोळ्या?" सूनबाईंनी विचारलं.

"तुम्ही द्यायच्या. निळी जेवणाआधी, पांढरी नंतर. आणि निळी ते गालात धरून ठेवतात. तोंड उघडायला लावून बघायचं."

आजोबांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. सूनबाईंनी उशाजवळचं पेन घेतलं आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून घ्यायला सुरुवात केली.