हवेतला डबा

"हात लावायचा नाही त्याला," झोनचे साहेब म्हणाले. "मागची चाकं आमच्या हद्दीत आहेत."

"आणि पुढची आमच्या रस्त्यावर," नगरपालिकेचे साहेब म्हणाले. "इथं माल उतरवायला बंदी आहे."

"सील आमचं," कस्टमचे साहेब दोघांच्या मधे शिरले. "कायद्यानं झोन म्हणजे परदेश. अर्धा डबा परदेशात, अर्धा देशात. असं चालत नाही."

"मग ड्रायव्हरला लागलेली भूक कुठल्या देशाची धरायची?" क्रेनमामांनी केबिनमधून विचारलं.

विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे झोनच्या, ऐन फाटकात ट्रकचा एक्सल मोडला होता. वरच्या कंटेनरमध्ये मामांच्या सुनेच्या कारखान्यातले बूट होते. तिची पहिलीच परदेशी ऑर्डर. बोट संध्याकाळी सुटणार. चुकली तर ऑर्डर गेली आणि कारखान्याला टाळं. सुनेनं बाहेर दुसरा ट्रक आणून उभा केला होता. मधे अंतर क्रेनच्या एका वळणाचं. पण त्यासाठी तिघांच्या सह्या हव्या होत्या आणि प्रत्येक जण आधी दुसऱ्याची मागत होता.

सून क्रेनखाली आली. "बाबा, तुम्ही यात पडू नका. नोकरी जाईल."

"अगं, हे तिघं जमिनीवरून भांडतायत. हवेत कोण आहे?"

मामांनी दांडा ओढला. डबा असा वर गेला, असा वर गेला, की त्याच्या सावलीत अख्खी शिफ्ट जेवायला बसली असती. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. तिघे साहेब माना वर करून एकदमच फोन लावू लागले. हवा कुणाच्या अखत्यारीत येते हे त्यांच्या वरिष्ठांनाही ठाऊक नव्हतं. एकानं तर थेट हवामान खात्यालाच विचारलं. तिकडून उत्तर येईपर्यंत डबा दुसऱ्या ट्रकवर अलगद बसलाही. रस्त्याला टेकला नाही, सीलला धक्का नाही.

"कुणाच्या हुकमानं केलंत हे?"

"हुकूम कुणाचा घेणार साहेब? तुम्ही तिघंही फोनवर होतात."

मग मात्र तिघांचं एकमत झालं, तेही क्षणात. झोननं मामांचा पास घेतला, नगरपालिकेनं परवाना, कस्टमनं क्रेनची किल्ली.

सून धावत आली. हसावं की रडावं, तिला कळेना. "आता कसं हो, बाबा?"

"आता काय, बूट शिवायला शिकेन तुझ्याकडे. जा तू ट्रकबरोबर. बंदरावर आणखी तिघं भेटतील."

ती ड्रायव्हरशेजारी चढली. ट्रक हलला. मामांचा हात सवयीनं किल्लीसाठी खिशात गेला, तिथं जरा घुटमळला. मग त्यांनी तोच हात बाहेर काढला आणि रोज केबिनमधून करायचे तशी ट्रकला डावीकडे वळायची खूण केली.