गाताना काढलेला फोटो

किर्ती भोईरचा स्टुडिओ उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पोट चालायचं पासपोर्ट साइझ आणि लग्नाच्या बायोडेट्याच्या फोटोंवर, पण जीव अडकलेला पोर्ट्रेटमध्ये. पोर्ट्रेटसाठी कुणी आलं की ती आधी कॅमेऱ्याला हातच लावत नसे. चहा मागवायची, समोर बसायची आणि माणूस बोलत असताना त्याच्या हातांकडे बघत राहायची.

"चेहरा सगळे घरूनच तयार करून आणतात," ती म्हणायची. "हात तयार करायचं कुणाच्या लक्षात येत नाही."

एप्रिल संपत आला होता तेव्हा एका दुपारी अंबरनाथहून संध्या मोरे आली. वय चाळिशीचं, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि पदर उजव्या गालावर घट्ट ओढलेला. संध्या बुद्ध-भीमगीतं गायची. नवरा मिलिंद कंपनीत फिटर, सुट्टीच्या दिवशी पेटीवर. दोघांनी मिळून गायन पार्टी उभी केली होती, आणि बदलापूरपर्यंतच्या वस्त्यांमधून तिच्या नावावर गर्दी जमायची. पण दिवाळीनंतर एका सकाळी ती उठली ती अर्ध्या तोंडावरून वारं गेलेलं. उजवा डोळा नीट मिटेना, ओठ एका बाजूला ओढला गेला. औषधांनी बरंच सुधारलं, तरी पूर्ण नाही. यंदा चौदा एप्रिलला ती पहिल्यांदाच घरी बसली होती.

"बुद्धपौर्णिमेला बदलापूरला कार्यक्रम आहे," तिने सांगितलं. "बॅनरला फोटो पाहिजे. हे म्हणतात, जुना लाव. पण बॅनरवर एक बाई आणि स्टेजवर दुसरी, असं नको मला. नवीनच काढा. फक्त डाव्या बाजूने."

"काढते," किर्ती म्हणाली.

आणि तिने मन लावून काढला. दिवा डावीकडून, उजवी बाजू सावलीत, मान किंचित वळवलेली. संध्याने स्क्रीनवर पाहिला.

"छान आलाय." मग ती म्हणाली, "पण ही मान फिरवून कुणाला टाळतेय?"

दोघींना हसू आलं. हसताना संध्याचा हात पटकन पदराकडे गेला.

चहा आला. किर्तीने सहज विचारलं, "मग कार्यक्रमात गाणार ना?"

"हे म्हणतात, मागे बसून कोरस दे. पुढे दुसरी मुलगी गाईल." संध्याने कप खाली ठेवला. "काय आहे ना मॅडम, ओठ मिटले नाहीत की प, ब, भ, म नीट निघत नाहीत. आता सांगा, आमची गाणी कशावर? बुद्ध, भीम, बाबा. दुनियाभरची अक्षरं पडलीत, तर नेमकी हीच गेली माझी!"

"अजिबातच निघत नाहीत?"

संध्या जरा घुटमळली. "निघतात. गालाला बोट लावून धरलं तर निघतात. हे ड्युटीवर गेले की घरी एकटी गाते मी. पण असं काय लोकांसमोर गायचं?"

"माझ्यासमोर गाऊन दाखवाल?"

खाली रस्त्यावर टेम्पोवाला आणि एक सिंधी शेठ गाडी कुठे लावायची यावरून हिंदीत भांडत होते. संध्याने खिडकीकडे तोंड केलं, दोन बोटं उजव्या गालावर टेकवली, गाल हलकेच वर उचलला आणि सुरू केलं. पहिली ओळ अडखळली. दुसरीला आवाज मोकळा झाला. भरदार, थोडा खरखरीत, कुठलीही भीती नसलेला आवाज. हळूहळू डोळे मिटले गेले. उजवा तेवढा अर्धवट उघडा राहिला. पदर कधीच खांद्यावर घसरला होता.

किर्तीने दिवे बंद केले. फ्लॅश उडवून हे मोडायची तिची तयारी नव्हती. खिडकीचा उजेड पुरेसा होता. "काढू?" तिने हळूच विचारलं. संध्याने न थांबता मान डोलावली.

गाणं संपल्यावर संध्याने फोटो पाहिला.

"वाकडं दिसतंय."

"दिसतंय," किर्ती म्हणाली. खोटं बोलून तिला हा फोटो गळ्यात मारायचा नव्हता.

"पण गातेय, हे लगेच कळतंय." संध्याने स्क्रीन जवळ ओढली. "दोन्ही द्या. घरी बघते."

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, शिफ्ट संपवून थेट. रागावलेला होता, पण आवाज चढवणाऱ्यातला नव्हता.

"मॅडम, हा दुसरा फोटो कशाला काढला? ती म्हणते हाच लावायचा. लोक कसे आहेत तुम्हाला माहितीये. चौकात बॅनर लागणार, पब्लिक हसणार. मी तिला किती जपतोय आणि तुम्ही..."

आपण जास्तच पुढे गेलो का, असं किर्तीलाही कालपासून वाटत होतं. मग तिने विचारलं, "दादा, आता त्या कशा गातात ते ऐकलंय का तुम्ही?"

"गात नाही ती. दिवाळीपासून बंद आहे."

किर्तीच्या लक्षात आलं, की ही गोष्ट आपण सांगायची नव्हती. पण प्रश्न विचारून अर्धी सांगून झाली होती. "काल इथे पूर्ण गाणं गायल्या. घरीही गातात. तुम्ही ड्युटीवर असताना."

मिलिंद खुर्चीत बसला. हातातली टिफिनची पिशवी त्याने मांडीवर घेतली.

"मी असताना का नाही गात?"

"ते मला कसं माहीत असणार?"

तो उठला आणि निरोप न घेताच जिना उतरला. संध्याकाळभर किर्तीचं कामात लक्ष लागलं नाही. आपण एका बाईने लपवून ठेवलेली गोष्ट उघड केली, याची चुटपुट होती.

तीन-चार दिवसांनी संध्याचा फोन आला. किर्तीने आधी माफी मागितली.

"अगं, सोड ते," संध्या म्हणाली. मॅडमवरून ती आता अगंवर आली होती. "त्या दिवशी हे घरी आले आणि काही न बोलता पेटी काढून बसले. म्हणाले, गा. मी गायले, तर रडायलाच लागले. म्हणतात, मी तुला जपत नव्हतो, मीच लोकांना घाबरत होतो. आता रोज रियाज चाललाय. तू पौर्णिमेला येच."

किर्ती गेली. बदलापूरच्या वस्तीत, बुद्धविहारासमोरच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. गेटवरच्या बॅनरवर तोच फोटो होता, खिडकीच्या उजेडातला. दोन बायका त्याखाली उभ्या राहून कुजबुजत होत्या. एक जण हसलाही.

संध्या माइकपुढे आली, तेव्हा तिने पदर कमरेला खोचला होता. दोन बोटं गालावर ठेवून तिने सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात एक 'भ' निसटला, नुसतीच हवा गेली. ती थबकली. मिलिंदने पेटीचा आवाज खाली आणला आणि तीच ओळ पुन्हा वाजवली, सावकाश, तिला हवा तेवढा वेळ देत. तिने ओळ पुन्हा घेतली. या वेळी शब्द स्वच्छ आला, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तो उचलून धरला. मग सगळ्या मैदानाने. किर्तीने मोजके फोटो काढले आणि बाकीचा वेळ नुसतं ऐकलं.

कार्यक्रम संपल्यावर खिरीचे द्रोण वाटले गेले. चिखलोलीच्या महिला मंडळाच्या बायका संध्याभोवती जमल्या होत्या. त्यांना पुढच्या महिन्यातली तारीख हवी होती. संध्या खीर खात बोलत होती. ओठाच्या कडेने थोडी ओघळली, ती तिने बोटाने पुसली आणि मिलिंदला हाक मारली.

"अहो, पुढच्या महिन्यात कुठला रविवार मोकळा आहे बघा. आणि आजचं चौथं गाणं बदलायचंय, त्यात भ-म नाहीतच, फारच सोपं झालंय मला."