ठिपक्यापुरती वस्ती

डोंगराच्या कुशीतल्या त्या वस्तीत एकेकाळी दहा-बारा घरांची जाग होती. आता धूर निघायचा तो फक्त आत्याच्या चुलीतून. जिल्ह्याचा नवा नकाशा व्हायचा होता आणि कचेरीचा नियम सरळ होता : पाहणीच्या वेळी जिथं माणूस राहताना सापडेल त्या वस्तीचा ठिपका नि नाव ठेवायचं, नसेल तिथलं काढायचं. पाहणी हिवाळा सरल्यावर होती. तोवर तिथंच राहा, हे आत्याला सांगायला नकाशे आखणारा तिचा भाचा आला होता. वडिलांचं गाव आपल्याच हातून पुसलं जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"आलास? मला वाटलं, आता नकाशातच भेटशील," आत्या म्हणाली. "बस. त्या खुर्चीचा डावा पाय माझ्यासारखाच आहे, जपून."

तो हसला, पण बसता बसता नजर फिरली. खाट स्वयंपाकघरात आली होती. माडीच्या जिन्यावर धूळ साचली होती. विहिरीच्या दोराला तेलाचा लहानसा रिकामा डबा बांधलेला दिसला.

"बादली कुठं गेली?"

"बादली आहे तिथंच आहे, ओढणारीच राहिली नाही. डब्यानं खेपा वाढतात खऱ्या. तेवढीच विहिरीला सोबत."

"एवढा हिवाळा काढशील ना, आत्या?"

"काढीन की. मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतास. बसलेय तुझा ठिपका राखत."

दिवस कलला तशी ती काठी टेकत प्रार्थनाघराकडे निघाली. तोही मागोमाग गेला. तिथली रीत त्याला लहानपणापासून ठाऊक होती. भजनाची एकेक ओळ एकेका घराची. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं पुढं न्यायची. सगळी घरं मिळून देवाचं नाव पुरं व्हायचं. दुसऱ्या घराची ओळ कुणी घ्यायची नाही. घेतली तर ते घर बुडालं, असं देवाला सांगितल्यासारखं होई.

पहिली ओळ गवंड्याच्या घराची. आत्या बसल्या जागी गप्प राहिली. मांडीवर बोटानं ताल तेवढा चालू होता. मग सुताराचं घर, मग धनगराचं. गेलेल्या माणसांना आपापल्या ओळीपुरता वेळ मिळत होता आणि भिंती तो मुकाट्यानं ऐकत होत्या. चौथी ओळ तिची, लोहाराच्या सुनेची. आवाज थरथरला, सूर ढळला नाही. ओळ संपवून तिनं भाच्याकडे पाहिलं. पाचवी ओळ तिच्या माहेरची, म्हणजे त्याच्या वडिलांच्या घराची.

त्यानं तोंड उघडलं. चाल आठवली. शब्द एकही येईना.

आत्यानं वाट पाहिली. मग मांडीवरचं बोट पुन्हा चालू लागलं. त्याच्याही घराला तिनं त्या गेलेल्यांइतकाच वेळ दिला आणि मान पुढं वळवली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुला येते ना आमची ओळ? सांग मला."

"येते. पण लग्न झालं तेव्हाच ती मी माहेरी ठेवून आले रे. आता कुठल्या तोंडानं घेऊ?"

तो पायरीवर बसला. समोर छपरं खचलेली घरं काळवंडत चालली होती.

"सामान बांध, आत्या. उद्या खाली जाऊ."

"अन् ठिपका?"

"जाऊ दे."

आत्या त्याच्याशेजारी बसली. "कधीपासून वाटत होतं, तू असं म्हणावंस," ती म्हणाली. "आणि आता म्हणालास तर पाय उचलवेना बघ." डोळे पुसायला तिला हात वर नेववेना. त्यानंच पुसले.

खाली आल्यावर त्याच आठवड्यात त्यानं नव्या नकाशावरचं वस्तीचं नाव पात्यानं खरवडून काढलं. कचेरीत कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आला, तर शेजारीण आत्यापाशी बसली होती.

"तुम्ही कुठल्या हो, आजी?"

दारात उभ्या भाच्याकडे आत्यानं बोट केलं.

"ह्याच्या घरची," ती म्हणाली.